विल्हेल्म योहानसेन

विल्हेल्म लुडविग योहानसेन (३ फेब्रुवारी, १८५७ : कोपनहेगन, डेन्मार्क – ११ नोव्हेंबर, १९२७ : कोपनहेगन) हे डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ व आनुवंशिकीच्या प्रवर्तकांपैकी एक होते. जीन (जनुक), जीनोटाइप (जनुकविधा) आणि फीनोटाइप (सरूपविधा) या तीन संज्ञा त्यांनी रूढ केल्या. सजीवाला जन्मतः मिळणारी घडण आणि त्याचे प्रत्यक्ष दिसणारे रूप या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांनी प्रयोगाने दाखवून दिले.

== प्रारंभीचे जीवन ==

योहानसेन यांचे वडील डॅनिश सैन्यात अधिकारी होते. विद्यापीठीय शिक्षणाचा खर्च कुटुंबाला परवडणारा नसल्याने १८७२ मध्ये योहानसेन एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करू लागले. डेन्मार्क व जर्मनी येथील औषधालयांत काम करताना त्यांनी रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र यांचा स्वतःच अभ्यास केला. १८७९ मध्ये ते औषधनिर्माणाची परीक्षा उत्तीर्ण झाले.

१८८१ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांचे साहाय्यक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथे त्यांनी बिया, कंद व कळ्या यांच्या सुप्तावस्थेचा अभ्यास केला. ईथरच्या वाफेने कळ्यांची हिवाळी सुप्तावस्था मोडता येते, हा त्यांचा शोध बागाइतदारांना उपयुक्त ठरला. १८९२ मध्ये ते कोपनहेगनच्या पशुवैद्यक व कृषी महाविद्यालयात अधिव्याख्याता झाले.

== घेवड्यावरील प्रयोग ==

फ्रान्सिस गॉल्टन यांनी असे दाखवले होते की, मोठ्या बियांपासून उपजलेल्या रोपांच्या बिया सरासरीपेक्षा मोठ्या, पण मूळ बियांपेक्षा लहान असतात. म्हणजे संतती सरासरीकडे काही अंशी परतते. हे का घडते, याचा शोध योहानसेन यांनी घेवड्याच्या ‘प्रिन्सेस’ या वाणावर घेतला. घेवड्यात स्वपरागण होत असल्याने एकाच बीपासून निघालेली सर्व संतती वेगळी राखता येते. अशा संततीला त्यांनी ‘शुद्ध वंशरेषा’ म्हटले.

त्यांनी १९ शुद्ध वंशरेषा वेगळ्या केल्या. त्यांपैकी सर्वांत जड बियांच्या रेषेत बीचे सरासरी वजन सुमारे ०.६४ ग्रॅम, तर सर्वांत हलक्या बियांच्या रेषेत सुमारे ०.३५ ग्रॅम भरले. प्रत्येक रेषेतही लहानमोठ्या बिया होत्याच. मात्र एकाच रेषेतील सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान बी पेरली असता दोन्हींच्या संततीची सरासरी जवळजवळ सारखीच येई. सहा पिढ्या सतत निवड करूनही रेषेची सरासरी बदलली नाही.

यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की, रेषेतील फरक माती, ऊन, पाणी, शेंगेतील बीची जागा अशा परिस्थितीमुळे पडतात व ते पुढील पिढीत उतरत नाहीत. दोन रेषांमधील फरक मात्र आनुवंशिक असतात. मिश्र समूहातून मोठ्या बिया निवडल्या की सरासरी वाढते, कारण त्या निवडीत जड बियांच्या रेषा आपोआप अधिक येतात. एकदा रेषा शुद्ध झाली की संकर किंवा उत्परिवर्तन झाल्यावाचून केवळ निवडीने सुधारणा होत नाही. हे संशोधन १९०३ मध्ये प्रसिद्ध झाले व ते गॉल्टन यांनाच अर्पण केलेले होते. इंग्लंडमधील कार्ल पिअर्सन व वेल्डन यांनी मात्र त्यावर टीका केली.

== संज्ञांची निर्मिती ==

१९०५ मध्ये योहानसेन कोपनहेगन विद्यापीठात वनस्पति-शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांचा आनुवंशिकतेवरील डॅनिश ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९०९ मध्ये निघालेल्या त्याच्या विस्तारित जर्मन आवृत्तीत वरील तिन्ही संज्ञा आल्या. ह्यूगो द व्हरीस यांच्या ‘पँजीन’ या शब्दाचा उत्तरार्ध घेऊन त्यांनी ‘जीन’ हा शब्द बनवला. जुन्या शब्दाला चिकटलेल्या सूक्ष्म कणांच्या कल्पना त्यांना नको होत्या.

या संज्ञांतील भेद पुढीलप्रमाणे आहेत :

* '''जनुक आणि लक्षण''' : उंची, रंग, वजन ही लक्षणे होत, ती जनुकांमुळे संभवतात, पण स्वतः जनुके नव्हेत. एका लक्षणामागे अनेक जनुके असू शकतात.
* '''जनुकविधा आणि सरूपविधा''' : जनुकविधा म्हणजे सजीवाची जनुकीय घडण, तर सरूपविधा म्हणजे ती घडण व परिस्थिती यांतून प्रकटलेले रूप. वाटाण्याची शुद्ध उंच आणि संकरित उंच रोपे सारखीच दिसतात, पण त्यांची जनुकविधा भिन्न असते. उलट, घेवड्याच्या एकाच रेषेतील लहान व मोठ्या बियांची जनुकविधा एकच असते.

योहानसेन यांनी सरूपविधा ही संज्ञा प्रामुख्याने मोजमापातून दिसणाऱ्या समूहाच्या सांख्यिकीय रूपासाठी वापरली होती. आज ती एकेका जीवालाही लावली जाते.

१९११ मध्ये ‘द अमेरिकन नॅचरलिस्ट’ या नियतकालिकातील लेखात त्यांनी आनुवंशिकतेला वारसाहक्काची उपमा देण्यावर आक्षेप घेतला. घर-जमीन जशी बापाकडून मुलाकडे जाते, तसे नाक किंवा उंची जात नाही. आईवडील आणि अपत्य यांची लक्षणे त्यांच्या बीजपेशींतील घडणीतून स्वतंत्रपणे साकार होतात. १९१४ मध्ये अशा फसव्या साम्यांवर त्यांनी डॅनिश भाषेत स्वतंत्र पुस्तकही लिहिले.

== उत्तरकाल आणि महत्त्व ==

स्वतः विद्यापीठाची पदवी न घेतलेले योहानसेन १९१७ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाचे रेक्टर झाले. जनुक कशाचे बनलेले असते, याविषयी त्यांनी कोणताही सिद्धान्त मांडला नाही. त्यांच्या दृष्टीने ते प्रयोगांचा हिशेब मांडण्याचे एकक होते. टॉमस हंट मॉर्गन यांचा गट गुणसूत्रांवर जनुकांच्या जागा ठरवत असतानाही, सर्व आनुवंशिकता अशा सुट्या एककांनी उलगडते का, याविषयी ते साशंक राहिले.

जनुकाचे भौतिक स्वरूप डीएनएच्या संशोधनातून पुढे स्पष्ट झाले. तरीही एखाद्या गुणाचे ‘जनुक सापडले’ असे म्हणताना लक्षण आणि जनुक यांची गल्लत आजही होते. पीकपैदास व वैद्यकात दिसणाऱ्या फरकातील आनुवंशिकतेचा आणि परिस्थितीचा वाटा वेगवेगळा मोजावा लागतो. त्या मोजणीचा पाया योहानसेन यांच्या या भेदावरच उभा आहे.