‘पाय’ला रुळवणारा ऑयलर
शाळेपासून आपल्या मागे लागलेला π! हे ग्रीक अक्षर वर्तुळाच्या त्या ३.१४… साठी वेल्सच्या विल्यम जोन्सने १७०६ मध्ये वापरलं, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या बासलला लिओनार्ड ऑयलर जन्मला.

वडील पाद्री. पोरानेही तेच करावं, असं त्यांना वाटे. योहान बर्नुली या गणितज्ञाने त्यांची समजूत घातली आणि ऑयलर गणिताकडे वळला. विशीतच तो रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत पोहोचला. तिथे त्याने भल्याभल्यांना न सुटलेली एक बेरीज सोडवली: १ + १/४ + १/९ + १/१६… अशी न संपणारी. उत्तर आलं π चा वर्ग भागिले ६! यात वर्तुळ कुठेच दिसत नाही, तरी π हजर.

१७३६ च्या ग्रंथात त्याने π हे चिन्ह वापरलं, १७४८ च्या ग्रंथानंतर ते सगळीकडे रुळलं.

तिशीच्या आसपास उजवा डोळा गेला. साठीत मोतीबिंदूने डावाही. १७७१ च्या आगीत घर जळालं. काम थांबलं? छे! आकडेमोड डोक्यात, लिहून घ्यायला मुलगा आणि विद्यार्थी. १७७५ मध्ये तर आठवड्याला साधारण एक शोधनिबंध! १७८३ मध्ये, मृत्यूच्या दिवशीही त्याचं गणित चालूच होतं.

फिजिक्सचा दोलक असो वा स्टॅट्सचा नॉर्मल कर्व्ह, सूत्रात π भेटतोच. तो इतका ओळखीचा झाला, तो या माणसामुळे.