ना पद, ना सनद. तरी पेशव्यांचं घर सावरणाऱ्या राधाबाई

समुद्र, प्रदक्षिणेची वाट आणि आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर हा दर्शनाचा क्रम. हरिहरेश्वरला जाऊन आलेल्या प्रत्येकाला एवढं ठाऊक असतं. हे पेशव्यांचं कुलदैवत, हेही बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण त्या घरातली पहिली कर्ती बाई मात्र बाजीरावांची आई एवढ्याच ओळखीवर राहिली.

त्यांचं नाव राधाबाई. माहेरच्या बर्वे, सासर श्रीवर्धनच्या भटांचं. भट तिथले देशमुख. जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसलं आणि बाळाजी विश्वनाथांना गाव सोडून देशावर यावं लागलं. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी त्यांना पेशवा केलं. तरी दरबारातल्या जुन्या मानकऱ्यांच्या लेखी हे घर कोकणातून आलेलं, नवखंच.

कामात पुढे असलेल्या बाईलाही आपण या जागेच्या लायक नाही, आज ना उद्या उघडे पडू, असं वाटत राहतं. १९७८ मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी यावर निबंध लिहिला. आज आपण त्याला इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतो. जागा परकी, अधिकार नाही आणि भोवती शंका घेणारे लोक असले की ही भावना बळावते. राधाबाईंच्या वाट्याला हे सगळंच आलं होतं.

एप्रिल १७२० मध्ये सासवडला बाळाजी विश्वनाथ गेले. बाजीरावांना वीस वर्षंही पुरी नव्हती आणि चिमाजी तर त्यांच्याहून लहान. एवढ्या कोवळ्या पोराला पेशवेपद कसं द्यायचं, असं म्हणणारे दरबारात होते. शाहू महाराजांनी ते बाजीरावांनाच दिलं. मुलगे मोहिमांवर असताना पुण्यातल्या घरात वडीलधारा शब्द राधाबाईंचा होता.

१७३५ च्या फेब्रुवारीत त्या काशीयात्रेला निघाल्या. त्याच सुमाराला शिंदे-होळकरांच्या फौजा राजपुतान्यात मोगलांसमोर उभ्या होत्या. म्हणजे मुलाच्या शत्रूंच्या मुलखातून आईचा प्रवास! पण उदयपूरला त्यांचा मान झाला, जयपूरला सवाई जयसिंहांनी पाहुणचार केला. ज्या मोहम्मदखान बंगशाला बाजीरावांनी बुंदेलखंडात हरवलं होतं, त्यानेही त्यांचा मान राखला. मथुरा, प्रयाग, काशी, गया करून १७३६ मध्ये त्या सुखरूप परतल्या. त्याच वर्षी बाजीराव स्वतः उदयपूरला गेले आणि जयसिंहांना भेटले. आईच्या यात्रेने ही वाट आधीच मऊ केली होती.

खरी कसोटी १७४० मध्ये लागली. एप्रिलमध्ये नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले. डिसेंबरमध्ये चिमाजी अप्पाही गेले. एका वर्षात दोन्ही मुलगे! मधल्या काळात पेशवेपदावर दुसराच हक्क पुढे आला. रघूजी भोसले बाबूजी नाईक बारामतीकरांच्या बाजूने उभे राहिले. हे बाबूजी म्हणजे राधाबाईंची लेक भिऊबाई हिचे दीर. एकीकडे लेकीचं सासर, दुसरीकडे नातू नानासाहेब, तोही विशीच्या आतला. जून १७४० मध्ये शाहू महाराजांनी वस्त्रं नानासाहेबांना दिली. यानंतरही राधाबाई तेरा वर्षं जगल्या. १७५३ मध्ये त्या वारल्या, तेव्हा पेशव्यांची तिसरी पिढी कारभारात मुरली होती.

आत्मविश्वास आधी येतो आणि मग माणूस काम हाती घेतो, असं आपण धरून चालतो. राधाबाईंच्या आयुष्यात क्रम उलटा दिसतो. जबाबदारी अंगावर आली, ती पार पडली आणि त्यातून अधिकार मिळत गेला. कुणी लायक ठरवेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

त्यांची दुसरी लेक अनुबाई इचलकरंजीच्या घोरपड्यांकडे दिली होती. १७४५ मध्ये नवरा गेल्यावर अनुबाईंनी मुलाच्या नावाने जहागिरीचा कारभार हाती घेतला आणि पुढे मोहिमांवरही गेल्या. लहान मुलाच्या मागे उभं राहून घर कसं चालवायचं, हे त्यांनी माहेरी पाहिलेलं होतं.