देवळालीचे गणिती : दत्तात्रय रामचंद्र कापरेकर

नांदेडच्या घाटांना स्पर्शून वाहणारी गोदावरी नाशिक जिल्ह्यात उगम पावते. त्याच जिल्ह्यातील देवळाली या छावणीच्या गावी १९३० ते १९६२ या काळात एक शिक्षक शाळेत गणित शिकवीत होते. नांदेड वा लातूरच्या अभ्यासकेंद्रावर संसार आणि नोकरी सांभाळून येणाऱ्या आपणांस दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे आयुष्य परके वाटणार नाही.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ठाण्यात शालेय शिक्षण घेऊन ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. तेथे १९२७ मध्ये स्वतंत्र गणिती लेखनासाठी त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. त्यापुढील पदवी त्यांनी घेतली नाही.

डोंबिवलीच्या रेल्वेस्थानकावर त्यांना एका संख्याप्रकाराची कल्पना सुचली. स्थानकाच्या तत्कालीन नावावरून त्यांनी या संख्यांना डेम्लो संख्या म्हटले. आता आपण वही घ्या आणि १११ ला १११ ने गुणा. मांडणीतील तीन ओळी एकेक घर डावीकडे सरकतात, उभ्या बेरजा १, २, ३, २, १ येतात आणि उत्तर १२३२१ मिळते. नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग याच रीतीने १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. मधल्या रांगेत नऊच एक जमतात, म्हणून हातचा येत नाही. दहा एक घेतले की हातचा येतो आणि ही सुरेख सममिती मोडते.

या सतरा अंकांची बेरीज ८१ आहे. मूळ संख्येला ९ ने निःशेष भाग जातो. साहजिकच तिच्या वर्गाला ८१ ने जातो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्येला कापरेकरांनी हर्षद, म्हणजे हर्ष देणारी, असे नाव दिले. गणिताला इतके प्रसन्न नाव क्वचितच लाभते!

अनेक गणितज्ञांनी मात्र हे संशोधन क्षुल्लक मानले. आक्षेप अगदीच निराधार नव्हता, कारण हे गुणधर्म दशमान लेखनावर अवलंबून आहेत. संख्या दुसऱ्या पायावर लिहिली की अंकांचे रूप पालटते. पण त्या रूपामागील नियम शोधणे हेही गणितच, हे टीकाकारांनी ध्यानात घेतले नाही. कापरेकर आपल्या पुस्तिका स्वतः छापीत राहिले. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या स्थिरांकाविषयीचे आपले संशोधन मांडले. १९७५ मध्ये अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा सत्तरीतील या निवृत्त शिक्षकाचे नाव जगभर पोहोचले.

१९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही, अशा २० सारख्या संख्यांना आजही त्यांच्या गावावरून देवळाली संख्या म्हणतात.