परदेशची विद्या, स्वदेशीचा उद्योग : धुंडिराज गोविंद फाळके यांची कारकीर्द

धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके यांचा उल्लेख भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून सर्वत्र केला जातो. हे बिरुद यथार्थ असले तरी त्याने एक प्रश्न झाकला जातो. कोणत्याही कंपनीच्या आश्रयावाचून चित्रपट निर्माण करणारा, त्यासाठी जर्मनी व इंग्लंड येथील विद्या आत्मसात करणारा आणि तरीही परदेशी स्थायिक होण्याचे नाकारणारा हा कलावंत आपले स्वातंत्र्य नेमके कशात पाहत होता, आणि ते त्याला कितपत राखता आले? फाळके यांच्या चरित्राकडे या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी पंडित. पुढे ते अध्यापनासाठी मुंबईस आले आणि त्यामुळे धुंडिराजांना १८८५ मध्ये सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेता आला. त्यानंतर बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण अशा अनेक विद्यांचा परिचय झाला. घरातील पुराणकथांचा संस्कार आणि कलाभवनातील यंत्रविद्या हे त्यांच्या पुढील कार्याचे दोन मूलस्रोत होत. मधल्या काळात गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय करीत असताना प्लेगने पहिली पत्नी व मूल हिरावले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नी सरस्वतीबाई पुढे त्यांच्या उद्योगातील खऱ्या अर्थाने सहकारी ठरल्या.

पुरातत्त्व खात्यातील नोकरी त्यांनी वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या वातावरणात सोडली आणि लोणावळ्यास ठसे तयार करण्याचा व छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या चित्रमुद्रणालयाचे कामही त्यांच्याकडे होते. देवदेवतांची चित्रे यंत्राच्या साहाय्याने घरोघरी पोहोचू शकतात, हा अनुभव त्यांना चित्रपटापूर्वीच मिळाला होता, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रसामग्री आणण्यासाठी ते जर्मनीस गेले. हा त्यांचा पहिला परदेशप्रवास. परतल्यावर लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्सचा लौकिक वाढला, परंतु भागीदारांशी मतभेद होऊन फाळके यांनी त्या व्यवसायातून अंग काढून घेतले. विद्या आपली, भांडवल दुसऱ्याचे आणि अखेरचा निर्णय भांडवलाच्या बाजूने, असा हा पहिला प्रसंग होता. पुढे त्याची पुनरावृत्ती होत राहिली.

१९११ मध्ये गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला. त्या पडद्यावर राम-कृष्ण का दिसू नयेत, या विचाराने त्यांना झपाटले. अहोरात्र चाललेल्या अभ्यासाने काही काळ त्यांची दृष्टीही गेली होती. उपचारांनी ती परत येताच विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. 'बायोस्कोप' या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी आरंभी त्यांना या धंद्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, परंतु पुढे त्यांनीच चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी त्यांची गाठ घालून दिली. हेपवर्थ यांच्या स्टुडिओत प्रत्यक्ष काम पाहून, विल्यमसन कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि प्रती काढण्याचे यंत्र घेऊन फाळके १ एप्रिल रोजी परतले. अवघ्या दोन महिन्यांच्या या प्रवासात त्यांनी केवळ यंत्रे खरेदी केली नाहीत. चित्रपटनिर्मितीची संपूर्ण साखळी समजून घेतली.

या साखळीचे महत्त्व दादासाहेब तोरणे यांच्या 'पुंडलिक'शी तुलना केली असता ध्यानात येते. 'पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी, म्हणजे फाळके यांच्या चित्रपटाआधी सुमारे एक वर्ष, मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झाला. तथापि तो रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होता, कॅमेरा इंग्रज छायाचित्रकाराच्या हाती होता आणि फिल्मवरील प्रक्रिया लंडनमध्ये झाली होती. तोरणे यांच्या धाडसाचे श्रेय कमी न करता असे म्हणता येईल, की आद्यत्वाचा वाद तारखांपेक्षा निर्मितीप्रक्रियेच्या मालकीचा आहे. फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये पटकथेपासून प्रती काढण्यापर्यंतचे सर्व काम दादरच्या त्यांच्या घरी झाले. केवळ यंत्रसामग्री आणि कोरी फिल्म परदेशी होती.

ही प्रक्रिया घरी पार पडली याचा अर्थ ती घराने पार पाडली. रोपट्याच्या वाढीचे चित्रण करून त्यांनी सावकाराचा विश्वास संपादन केला, परंतु तारण म्हणून सरस्वतीबाईंचे दागिने गेले. रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने तयार करणे, दिवसा उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परावर्तित करणे आणि सर्व मंडळींचा स्वयंपाक ही कामे त्यांनी केली. पुत्र भालचंद्र रोहिदास झाला. पडद्यावर काम करण्यास एकही स्त्री तयार नसल्याने तारामतीची भूमिका उपाहारगृहात आचाऱ्याचे काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी केली. हरिश्चंद्र दत्तात्रय दाबके यांनी साकारला. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' कॉरोनेशनमध्ये लोकांसमोर आला. स्वतंत्र निर्मितीचा गौरव करताना हे स्वातंत्र्य एका कुटुंबाच्या, विशेषतः एका स्त्रीच्या, विनावेतन श्रमावर उभे होते, हे अभ्यासकांनी विसरता कामा नये.

कथेची निवड ही या यशाची दुसरी बाजू होय. हरिश्चंद्राचे आख्यान कीर्तनातून, नाटकातून समाजाच्या सर्व थरांत रुजलेले होते. गिरगावातील सुशिक्षित प्रेक्षक आणि अवसरी बुद्रुकसारख्या गावाच्या यात्रेत आख्याने व वग ऐकत वाढलेला प्रेक्षक या दोघांनाही ती कथा समजावून सांगण्याची गरज नव्हती. 'राजा हरिश्चंद्र'ची पाटी-अक्षरे एकाहून अधिक भाषांत होती. मूकपटाला बोली नसल्यामुळेच एका मराठी माणसाची निर्मिती प्रांतोप्रांती आणि देशाबाहेरही जाऊ शकत होती.

१९१३ च्या अखेरीस फाळके यांनी आपला कारखाना नाशिकला नेला. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या आणि स्त्रीभूमिकांची कोंडी फुटली. १९१४ मध्ये 'राजा हरिश्चंद्र', 'मोहिनी भस्मासुर' व 'सत्यवान सावित्री' घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. पूर्वी शिकण्यास आलेला मनुष्य आता आपली कृती दाखवण्यास आला होता. त्यांच्या तांत्रिक कौशल्याची वाखाणणी झाली आणि हेपवर्थ यांच्या संस्थेकडून तेथेच राहून चित्रपट करण्याचा प्रस्ताव आला. घसघशीत वेतन आणि नफ्यात वाटा असे त्याचे स्वरूप होते. फाळके यांनी तो नाकारला. नाशिकची माणसे आणि हिंदुस्थानातील उद्योग यांवाचून त्यांना चित्रपटाची कल्पनाच करता येत नव्हती. परंतु त्याच सुमारास महायुद्ध भडकले. परदेशी बाजारपेठेच्या आशा मावळल्या आणि इकडे सावकारांनी हात आखडता घेतला. नाकारलेल्या लंडनपेक्षा स्वीकारलेले नाशिक अधिक कठीण निघाले.

'लंका दहन'ने १९१७ मध्ये अमाप लोकप्रियता मिळवली. साळुंके यांनी त्यात राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. याच वर्षी 'नवयुग' मासिकातून फाळके यांची भारतीय चित्रपटावरील लेखमाला सुरू झाली. मराठी गद्यात तंत्रव्यवहाराचे आत्मनिवेदन करणाऱ्या लेखनात तिचे स्थान महत्त्वाचे आहे. १ जानेवारी १९१८ रोजी मुंबईच्या भांडवलदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. 'श्रीकृष्ण जन्म' आणि 'कालिया मर्दन' या चित्रपटांत कन्या मंदाकिनीने बालकृष्णाची भूमिका केली. परंतु खर्चाचा हिशेब मागणारे भागीदार आणि वेळ व पैसा यांची पर्वा न करणारा कलावंत यांचा मेळ बसणे अशक्य होते. फाळके कंपनी सोडून काशीस गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले आणि १९२२ मध्ये त्याचे प्रयोगही झाले. चित्रपटाला अंतरलेल्या या माणसाने नाट्यव्यवसायावरच टीकात्म नाटक रचावे, ही घटना वाङ्मयाच्या अभ्यासकाने अधिक बारकाईने तपासण्याजोगी आहे.

ते कंपनीत परतले, पण पूर्वीचे स्थान परतले नाही. १९२७-२८ च्या चित्रपट चौकशी समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. १९३१ मध्ये बोलपट आला आणि मूकपटाची भाषातीत बाजारपेठ भाषावार विभागली गेली. 'सेतुबंधन' हा मूकपट म्हणून तयार झालेला चित्रपट पुढे ध्वनी जोडून पुन्हा दाखवावा लागला. १९३७ चा, कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला 'गंगावतरण' हा त्यांचा अखेरचा चित्रपट. ज्याने स्वतःच्या घरात संपूर्ण चित्रपट घडवला, त्याने शेवटचा चित्रपट दुसऱ्याच्या स्टुडिओत, दुसऱ्याच्या पैशावर केला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

१९६९ पासून त्यांच्या नावाने देशातील चित्रपटक्षेत्राचा सर्वोच्च पुरस्कार दिला जातो. त्यांची फारच थोडी रिळे मात्र उरली आहेत. पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने ती जतन केली. त्यांपैकी 'राजा हरिश्चंद्र'ची रिळे १९१७ च्या पुनर्निर्मितीची असावीत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर यातून काही अंशी मिळते. फाळके यांनी परदेशी विद्येवर स्वामित्व मिळवले. जर्मनी-इंग्लंडचे समुद्र त्यांना आडवे आले नाहीत. आडवे आले ते मुंबई-नाशिकचे भांडवल. यंत्र स्वदेशी हातांत आल्याने उद्योग स्वतंत्र होतो, ही त्यांची श्रद्धा होती. त्या हातांमागे पैसा कोणाचा, या प्रश्नाशी त्यांना अखेरपर्यंत तडजोड करता आली नाही. 'नवयुग'मधील लेख, 'रंगभूमी' आणि समितीपुढील साक्ष यांचे एकत्र वाचन झाल्यास या संघर्षाचे अधिक नेमके रूप हाती येईल.