विश्लेषण : योसेमिटीचे धबधबे जगाला दाखवणारे कार्लटन वॉटकिन्स कोण होते? त्यांच्या निगेटिव्ह गेल्या कुठे?

धबधब्याचा फोटो काढताना पाणी दुधासारखे, रेशमासारखे दिसावे म्हणून आज मोबाइलमध्ये ‘लाँग एक्स्पोजर’ निवडता येते. कॅमेरेवाले लेन्ससमोर काळी काच लावतात. वरून ‘ब्लॅक अँड व्हाइट’ केले की काम झाले. १८६१ मध्ये अमेरिकेतील योसेमिटीच्या दरीत उभ्या असलेल्या कार्लटन वॉटकिन्स यांच्या छायाचित्रांत पाणी तसेच दिसते, पण त्यांच्यासमोर दुसरा पर्यायच नव्हता. त्यांच्या रसायनाला रंग टिपता येत नव्हते आणि पडते पाणी थांबवून धरता येत नव्हते. तरीही त्या कृष्णधवल छायाचित्रांचा एका कायद्याशी संबंध जोडला जातो. अमेरिकेत निसर्गरम्य भूभाग लोकांसाठी राखून ठेवण्याची सुरुवात याच कायद्याने झाली. ज्यांनी ही छायाचित्रे काढली, त्यांच्या हाती मात्र शेवटी एकही काच उरली नाही.

वॉटकिन्स छायाचित्रणात आले कसे?

अगदी योगायोगाने. जन्म ११ नोव्हेंबर १८२९ चा, न्यूयॉर्क राज्यातील ओनिओन्टा या छोट्या गावातला. आठ भावंडांत ते थोरले. कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची हाक देशभर गेली होती आणि हजारो तरुण पश्चिमेकडे निघाले होते. १८५१ मध्ये वॉटकिन्सही गावातलेच मित्र कॉलिस हंटिंग्टन यांच्यासोबत निघाले. सोने दोघांनाही मिळाले नाही. हंटिंग्टन यांनी खाणकामगारांना सामान पुरवण्याचा धंदा वाढवला आणि पुढे ते सेंट्रल पॅसिफिक रेल्वेच्या चार बड्या मालकांपैकी एक झाले. वॉटकिन्स काही काळ त्यांचेच सामान पोहोचवत होते, नंतर सॅन फ्रान्सिस्कोत पुस्तकांच्या दुकानात कारकून झाले.

त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार रॉबर्ट व्हान्स यांचा एक माणूस अचानक काम सोडून गेला. तात्पुरती सोय म्हणून वॉटकिन्स यांना कॅमेऱ्यामागे उभे करण्यात आले आणि ते तिथेच रमले. १८५८ च्या सुमारास त्यांचे स्वतःचे काम सुरू झाले होते. खाणी, वखारी आणि जमिनीचे वाद हे त्यांचे सुरुवातीचे विषय. जमिनीच्या खटल्यांत त्यांची छायाचित्रे न्यायालयात पुरावा म्हणून ठेवली गेली, ते स्वतः साक्षीलाही उभे राहिले. हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. जागा कुठली, कुठून पाहिली तर सगळ्यात स्पष्ट दिसते, हे ठरवणे हा त्यांचा रोजचा व्यवसाय होता. पुढे धबधब्यांसमोर उभे राहतानाही त्यांनी हीच नजर वापरली.

१८६१ ची मोहीम एवढी महत्त्वाची का?

योसेमिटीत कॅमेरा नेणारे वॉटकिन्स पहिले नव्हेत. तो मान चार्ल्स वीड यांचा, ते १८५९ मध्ये तिथे गेले होते. वॉटकिन्स यांनी फरक पाडला तो आकाराने.

त्या काळी लहान निगेटिव्हवरून मोठी प्रत काढणे व्यवहारात शक्य नव्हते. निगेटिव्हची काच थेट कागदावर ठेवून उन्हात छापायची, म्हणजे जेवढी काच तेवढेच चित्र. मोठे चित्र हवे असेल तर काच मोठी हवी आणि काच मोठी तर कॅमेराही तेवढाच अवाढव्य. वॉटकिन्स यांनी १८ बाय २२ इंचांची, म्हणजे साधारण ४५ बाय ५५ सेंटिमीटरची काच मावेल असा कॅमेरा वापरला. ‘मॅमथ प्लेट’ हे नाव या आकाराला शोभते. जोडीला दोन भिंगांचा स्टिरिओ कॅमेरा होता. काचा, रसायने, तंबू, तिपाई मिळून सामान सुमारे टनभर आणि ते वाहायला डझनभर खेचरे, असे या मोहिमेचे वर्णन केले जाते. दरीत गाडीरस्ता नव्हता. परतताना त्यांच्याकडे ३० मोठ्या आणि सुमारे १०० स्टिरिओ निगेटिव्ह होत्या.

एका फोटोसाठी किती खटाटोप?

इथे जरा थांबायला हवे, कारण खरी गंमत इथे आहे.

पद्धतीचे नाव वेट प्लेट, म्हणजे ओली काच. आधी काच लख्ख पुसायची. तिच्यावर कोलोडियन हा चिकट द्रव ओतायचा आणि काच हातातच तिरकी करत तो चारही कोपऱ्यांपर्यंत सारखा पसरवायचा. अर्धा मीटर रुंदीच्या काचेवर हे करून पाहा, म्हणजे हात किती स्थिर लागतो ते कळेल. मग अंधाऱ्या तंबूत काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. आता ती प्रकाशाला संवेदनशील झाली. ती वाळायच्या आत कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा, पळत तंबूत यायचे आणि डेव्हलप करायची. हाताशी जेमतेम दहा-पंधरा मिनिटे. कोलोडियनमध्ये इथर असते, म्हणजे बंद तंबूत भडकणारी वाफ. उन्हाळ्यात ते भराभर सुकते. धुळीचा एक कण बसला तर काच वाया. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. डेव्हलप झालेली काच धुवायला भरपूर स्वच्छ पाणी लागते, त्याची ददात मात्र धबधब्यापाशी नव्हती.

प्रकाश किती वेळ द्यायचा? मोजायला यंत्र नव्हते. उन्हात काही सेकंद, सावलीत मिनिटेही लागत. या काळात पडणारे पाणी आपली जागा शेकडो वेळा बदलते, म्हणून काचेवर थेंब उमटत नाहीत, सलग पांढरा पट्टा उमटतो. वारा आला तर झाडांचीही तीच गत. त्यामुळे हवा स्तब्ध असलेली पहाटेनंतरची वेळ मोलाची.

दुसरी अडचण त्याहून अवघड. कोलोडियनला निळा आणि अतिनील प्रकाशच चांगला दिसतो. हिरवा फार कमी, लाल जवळपास नाहीच. म्हणून निळे आकाश कागदावर कोरे पांढरे येते आणि हिरवीगार पाइनची झाडे काळी पडतात. आता धबधब्याचा विचार करा. मधोमध चकचकीत फेस, बाजूला काळपट ग्रॅनाइट आणि पायथ्याशी गर्द झाडी. झाडीसाठी थांबलो तर पाणी जळून सपाट पांढरे होणार, पाण्यासाठी लवकर आटोपले तर खडक काळाठिक्कर. काच एकच आणि निर्णयही एकच.

व्हर्नल फॉलच्या, म्हणजे सुमारे ३१७ फुटी धबधब्याच्या त्यांच्या १८६१ च्या छायाचित्रात हा तोल साधलेला दिसतो. पाण्याचा पडदा गुळगुळीत आहे, पण खाली पसरलेल्या दगडांचा खरखरीतपणा हाताला जाणवावा इतका स्पष्ट आहे. मोबाइलवर हे चित्र मोठे करत गेले तरी तपशील संपत नाही. दुधाळ पाणी ही वॉटकिन्स यांची शैली होती की रसायनाची मर्यादा, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. सुरुवात मर्यादेपासून झाली, हे उघड आहे. पण खडक इतके कणखर आणि पाणी इतके हलके दिसेल अशी जागा निवडणे हे रसायनाचे काम नव्हे.

चित्रांची नावेही पाहण्यासारखी आहेत. व्हर्नलला ‘पिवाक’, ब्रायडलव्हेलला ‘पोहोनो’, योसेमिटी फॉल्सला ‘चोलोक’ ही स्थानिक नावे वॉटकिन्स यांनी इंग्रजी नावांबरोबर दिली. मात्र ही नावे ज्यांची, त्या अहवाहनीची लोकांना १८५१ मध्येच सशस्त्र तुकडीने दरीतून हुसकावले होते. वॉटकिन्स यांच्या चित्रांतली दरी निर्मनुष्य, कोणाचाही हात न लागलेली वाटते. ती तशी नव्हती. निसर्ग म्हणजे माणूस नसलेली जागा, ही समजूत पक्की करण्यात या सुंदर चित्रांचाही वाटा आहे.

लिंकन यांनी फोटो पाहून सही केली, हे खरे का?

समाजमाध्यमांवर ही गोष्ट ठामपणे सांगितली जाते. अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी ही छायाचित्रे स्वतः पाहिल्याचा ठोस पुरावा नाही. जे नोंदलेले आहे तेही कमी नाही.

डिसेंबर १८६२ मध्ये न्यूयॉर्कच्या गूपील गॅलरीत वॉटकिन्स यांची योसेमिटीची चित्रे लागली. देशात यादवी युद्ध पेटले होते. पूर्वेकडच्या बहुतेकांनी एवढा उंच धबधबा कधी पाहिला नव्हता. योसेमिटी फॉल्स तीन टप्प्यांत मिळून २,४२५ फूट कोसळतो. असे काही असते यावर विश्वास ठेवायला लेखी वर्णन पुरले नसते. फेब्रुवारी १८६४ मध्ये आगबोट कंपनीशी संबंधित इस्रायल वॉर्ड रेमंड यांनी कॅलिफोर्नियाचे सिनेटर जॉन कॉनेस यांना पत्र लिहून ही दरी राखून ठेवावी अशी मागणी केली आणि सोबत दरीची काही छायाचित्रे जोडली. कॉनेस यांच्याकडे वॉटकिन्स यांची चित्रेही होती. त्यांनी विधेयक मांडले. ३० जून १८६४ रोजी लिंकन यांची सही झाली आणि योसेमिटीची दरी व मॅरिपोसाचे महावृक्ष लोकांच्या वापरासाठी कायमचे राखण्याच्या अटीवर कॅलिफोर्निया राज्याकडे सोपवले गेले. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान त्यानंतर आठ वर्षांनी झाले.

वॉशिंग्टनमधल्या ज्यांना या विधेयकावर मत द्यायचे होते, त्यांच्यापैकी बहुतेकांनी ती दरी पाहिली नव्हती. त्यांच्यासाठी वॉटकिन्स यांचे काम पुन्हा एकदा पुराव्याचेच ठरले असणार.

मग ते श्रीमंत झाले असतील?

नाव झाले. १८६५ व १८६६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या भूगर्भ सर्वेक्षणासाठी ते पुन्हा योसेमिटीत गेले. तिथल्या एका डोंगराला माउंट वॉटकिन्स हे नाव मिळाले. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात पदक मिळाले. त्याच वर्षी ऑरेगॉनला जाऊन त्यांनी कोलंबिया नदीकाठचा मल्टनोमा आणि ऑरेगॉन सिटीजवळचा विलामेट असे दोन अगदी वेगळ्या स्वभावाचे धबधबे टिपले. पहिला उंच व सडपातळ, दुसरा बुटका, रुंद आणि गिरण्यांच्या शेजारचा. १८७३ च्या हिवाळ्यात चित्रकार विल्यम कीथ यांच्यासोबत युटाला जाताना त्यांनी आपली घोडागाडीच रेल्वेवर चढवली. हंटिंग्टन यांची मैत्री अशी कामी येत असे.

पैशाचे गणित मात्र जुळले नाही. चित्रांची नक्कल करून विकणारे सुरुवातीपासून होते आणि अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्रांचा समावेश १८६५ मध्ये झाला. सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी कर्ज काढून भपकेदार ‘योसेमिटी आर्ट गॅलरी’ थाटली. १८७५ मध्ये बँक ऑफ कॅलिफोर्निया कोसळली, बाजार बसला. गॅलरी सावकार जे. जे. कुक यांच्याकडे गेली आणि ती चालवायला आले छायाचित्रकार आयझाया टेबर. गॅलरीबरोबर निगेटिव्हही गेल्या. टेबर त्यांच्या प्रती छापून विकू लागले आणि खाली वॉटकिन्स यांचे नाव नसे.

वयाच्या पंचेचाळिशीत आपलीच चित्रे दुसऱ्याच्या नावाने दुकानात लागलेली पाहणे कसे असेल, याची कल्पना करावी. वॉटकिन्स यांनी काय केले? पुन्हा कॅमेरा उचलला. १८७८ च्या सुमारास ते त्याच दरीत, त्याच धबधब्यांसमोर गेले आणि जुनी चित्रे नव्याने काढायला लागले. या संग्रहाला त्यांनी ‘न्यू सीरिज’ म्हटले.

शेवट कसा झाला?

१८७९ मध्ये, पन्नासाव्या वाढदिवशी त्यांनी फ्रान्सिस स्नीड यांच्याशी लग्न केले. ज्युलिया आणि कॉलिस ही दोन मुले झाली. मुलाचे नाव मित्रावरून. १८९० च्या दशकात दृष्टी जाऊ लागली, काम थांबले, भाडे थकले. १८९५-९६ मध्ये सुमारे दीड वर्ष हे कुटुंब रेल्वेच्या एका टाकून दिलेल्या डब्यात राहिले. नंतर हंटिंग्टन यांनी त्यांना कॅपे खोऱ्यात एक शेतवाडी दिली.

दुसऱ्यांदा जमवलेल्या काचा सॅन फ्रान्सिस्कोतील स्टुडिओत होत्या. त्या स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे सोपवण्याची बोलणी सुरू होती. १८ एप्रिल १९०६ च्या पहाटे भूकंप झाला आणि पाठोपाठ लागलेल्या आगीत स्टुडिओ राख झाला. हातात काठी घेतलेल्या, जवळजवळ आंधळ्या झालेल्या वॉटकिन्स यांना रस्त्यातून नेले जात असतानाचे एक छायाचित्र उपलब्ध आहे. (याच भूकंपाच्या धक्क्याने चार वर्षांचा एक मुलगा भिंतीवर आदळला आणि त्याचे नाक कायमचे वाकडे झाले. त्याचे नाव अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स.)

वॉटकिन्स त्यातून सावरले नाहीत. १९१० मध्ये त्यांना नापा येथील मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. २३ जून १९१६ रोजी तिथेच त्यांचा मृत्यू झाला. रुग्णालयाच्या आवारात दफन झाले, पण थडग्यावर नावाची खूण नाही. त्याच महिन्यात चौदा वर्षांचे अ‍ॅडम्स पहिल्यांदा योसेमिटीत आले होते, हातात कोडॅकचा साधा ब्राउनी कॅमेरा घेऊन. पुढे त्यांच्या फिल्मला सगळे रंग दिसत असल्याने लाल फिल्टर लावून आकाश काळेभोर करणे त्यांना शक्य झाले. वॉटकिन्स यांचे आकाश कोरेच राहिले.

ही चित्रे आज कुठे पाहता येतील?

निगेटिव्ह नष्ट झाल्या तरी विकल्या गेलेल्या छापील प्रती जगभर विखुरलेल्या होत्या. अभ्यासकांनी त्या शोधून २०११ मध्ये बाराशेहून अधिक मॅमथ चित्रांची सूची प्रसिद्ध केली. लॉस एंजेलिसचे गेटी संग्रहालय आणि अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस यांच्या संकेतस्थळांवर त्यातली कित्येक मोफत उघडतात. शोधताना टेबर यांच्या नावाचे योसेमिटीचे एखादे जुने चित्र समोर आले, तर नोंद नीट वाचावी. मूळ काच वॉटकिन्स यांची असू शकते.