कोर्टात खोटं बोलता येईना म्हणून वकिली सोडली, पुढे याच माणसाने बिनचरबीचा साबण आणला

फर्दापूरचं किराणा दुकान असो की दादरचं सुपरमार्केट, साबणाच्या फळीवर गोदरेज नंबर वन दिसतोच. पण गोदरेजचा पहिला साबण हा नव्हताच. पहिल्याचं नाव होतं ‘चावी’, आणि तो आणणारा माणूस मुळात कुलूपवाला होता.

अर्देशर गोदरेज. जन्म १८६८, मुंबईच्या पारशी घरातला. लग्न झालं, पण १८९१ मध्ये पत्नी बचूबाईंचा राजाबाई टॉवरवरून पडून मृत्यू झाला. त्या प्रकरणाने तेव्हा सगळी मुंबई हादरली होती. अर्देशर यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

वकील होऊन ते १८९४ मध्ये एका खटल्यासाठी झांझिबारला गेले. तिथे लक्षात आलं की अशिलासाठी सत्य वाकवावं लागणार. ते त्यांना जमेना. काम सोडून ते मुंबईला परतले आणि एका केमिस्टकडे मदतनीस म्हणून राहिले. नंतर कर्ज काढून शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायला घेतली. माल उत्तम होता, पण घेणाऱ्या कंपनीला त्यावर भारतात बनल्याचा शिक्का नको होता. अर्देशर अडून बसले. तो धंदाही गेला.

१८९७ मध्ये लालबागच्या एका छोट्या शेडमध्ये कुलुपं सुरू झाली. ती चालली. मग तिजोऱ्या आल्या आणि त्याही चालल्या.

आता साबणाकडे येऊ. त्या काळी साबणात सर्रास जनावरांची चरबी असायची. गायीची म्हणून हिंदूंना नको, डुकराची म्हणून मुसलमानांना नको, आणि जैनांना तर कुठलीच नको. निव्वळ तेलाचा साबण जगात नवा नव्हता, भूमध्य समुद्राकाठी ऑलिव्हच्या तेलाचा साबण शतकानुशतकं बनत आला आहे. पण इथल्या बाजारात असा साबण कारखान्यात बनवून विकणं वेगळी गोष्ट होती. १८५७ ची काडतुसं आठवली की या प्रश्नाचं वजन कळतं.

मग चरबी काढायची आणि तेल ओतायचं, एवढंच ना? इथेच खरी मेख आहे.

साबण तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून होतो. कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, एक तीव्र आम्लारी. तेलाच्या एका रेणूला सोड्याचे तीन रेणू लागतात. त्यातून साबणाचे तीन आणि ग्लिसरीनचा एक रेणू तयार होतो. आता खोबरेलाचे रेणू चरबीच्या रेणूंपेक्षा लहान असतात, म्हणून एका किलोत ते जास्त मावतात. साहजिकच सोडाही जास्त लागतो. एक किलो चरबीला साधारण १४० ग्रॅम, तर एक किलो खोबरेलाला साधारण १८३ ग्रॅम.

चरबीचं माप खोबरेलाला लावलं तर जवळपास पाव हिस्सा तेल तसंच राहणार आणि वडी तेलकट होणार. उलट केलं तर ४३ ग्रॅम सोडा शिल्लक राहणार. तो किती जहाल? ४० ग्रॅम सोडा एक लिटर पाण्यात विरघळवला की त्या द्रावणाचा पीएच १४ होतो. कातडी सोलून निघेल!

त्यात हा सोडा उघडा राहिला की हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, म्हणजे वजन वाढतं आणि जोर कमी होतो. ९५ टक्के शुद्ध सोडा असेल तर १८३ ऐवजी १९३ ग्रॅम घ्यावा लागतो. म्हणून नुसत्या तराजूवर भागत नाही, माहीत असलेल्या तीव्रतेच्या आम्लाशी अनुमापन करून सोड्याचा खरा जोर काढतात. पाण्यात विरघळताना तो उकळी फुटेल इतका तापतो, त्यामुळे सोडा पाण्यात थोडा थोडा टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही.

१९१८ च्या सुमारास ‘चावी’ आला. मग नंबर टू, आणि नंबर वन त्याच्याही नंतर. टू इतका चांगला तर वन कसा असेल, असं गिऱ्हाइकाला वाटावं म्हणून हा उलटा क्रम लावल्याचं सांगतात. स्वदेशीच्या लाटेत रवींद्रनाथ टागोरांनी साबणाची शिफारस केली. खुद्द अर्देशर यांनी टिळक स्वराज्य फंडाला ३ लाख रुपये दिले.

पुढे कारखाना धाकटे भाऊ पिरोजशा यांच्या हाती देऊन अर्देशर नाशिकला शेती करायला गेले. १९३६ मध्ये ते वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं. आजचं गोदरेज कुटुंब आहे ते पिरोजशांच्या वंशातलं.