चर्चिलच्या बागेतली फुलपाखरं

विन्स्टन चर्चिल म्हटलं की सिगार, हॅट आणि दोन बोटांनी केलेली विजयाची खूण आठवते. महायुद्धाबद्दल आपण वर्गात पुष्कळ शिकतो, म्हणून ते इथे थोडक्यात आटोपतो. मला लिहायचं आहे ते त्याच्या बागेबद्दल.

त्याचा जन्म ३० नोव्हेंबर १८७४ चा, इंग्लंडमधल्या ब्लेनिम राजवाड्यातला. शाळेत तो मागेच असायचा. सँडहर्स्टच्या सैनिकी महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा तो तिसऱ्या प्रयत्नात पास झाला (एनडीएची तयारी करणाऱ्यांना एवढं वाचून तरी बरं वाटावं). १८९५ मध्ये तो चौथ्या हुसार्स या घोडदळाच्या रेजिमेंटमध्ये अधिकारी झाला आणि पुढच्याच वर्षी रेजिमेंटबरोबर हिंदुस्थानात आला.

मुंबईत ससून डॉकला होडीतून उतरताना त्याने धक्क्याच्या भिंतीतली लोखंडी कडी पकडली. तेवढ्यात लाटेबरोबर होडी खाली गेली आणि त्याचा उजवा खांदा निखळला. हे दुखणं त्याला जन्मभर पुरलं. पोलो खेळताना तो हात पट्ट्याने बांधून घ्यायचा. १८९८ साली सुदानमधल्या ओमदुर्मानच्या लढाईत घोडदळाने धडक मारली, तेव्हा खांद्यामुळेच त्याने तलवारीऐवजी पिस्तूल वापरलं.

पुण्यात थोडे दिवस मुक्काम करून रेजिमेंट बंगळूरला गेली. तिथे दोन मित्रांबरोबर त्याने मोठा बंगला घेतला. बंगल्याला व्हरांडा होता, त्यावर बोगनवेल चढलेली आणि पुढे बाग. पहाटे परेड, मग तबेल्याची पाहणी, संध्याकाळी पोलो. मधल्या उन्हाच्या वेळी बाकीचे अधिकारी झोपत, तेव्हा हा इतिहासाचे जाडजूड ग्रंथ वाचायचा. शाळेत राहिलेला अभ्यास त्याने इथे भरून काढला. शिवाय बागेत गुलाब वाढवायचा आणि जाळी घेऊन फुलपाखरांमागे धावायचा. हा नाद शाळेपासूनचा. बंगळूरच्या बागेतून त्याने पासष्टच्या आसपास प्रकारची फुलपाखरं जमवली होती. त्या काळी जमवणं म्हणजे मारून टाचणीला लावणं. एके दिवशी उंदीर कपाटात शिरला आणि त्याने सगळा संग्रह फस्त केला. चर्चिलने उंदीर पकडला, कुत्र्याकडून मारवला आणि संग्रह पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. कुत्र्याचं नावही विन्स्टनच होतं! बंगळूर क्लबच्या जुन्या वहीत त्याच्या नावावर १३ रुपयांची थकबाकी आहे, तीही सांगून टाकतो.

पुढे वायव्य सरहद्द, सुदान, दक्षिण आफ्रिका, मग पार्लमेंट. १९२२ मध्ये त्याने केंट परगण्यात चार्टवेल नावाचं घर घेतलं. तिथल्या काही भिंती त्याने स्वतः विटा रचून बांधल्या.

मराठी पानावर त्याचं चरित्र लिहायचं तर पुढचा भाग गाळता येत नाही. १९३० नंतर हिंदुस्थानला स्वराज्याचे थोडेफार अधिकार द्यायलाही त्याने जोरदार विरोध केला. गांधीजींबद्दल तो तुच्छतेने बोलायचा. १९४० मध्ये तो पंतप्रधान झाला आणि हिटलरपुढे वाकला नाही, हे खरंच मोठं काम. पण १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि सुमारे ३० लाख माणसं मेली. दिल्लीहून व्हाइसरॉय धान्यासाठी जहाजं मागत राहिले आणि चर्चिलच्या मंत्रिमंडळाने ती पुरेशी दिली नाहीत. जहाजं युद्धात गुंतलेली होती असं सांगतात. गुंतलेली होतीच. पण आधी कोणाचा जीव वाचवायचा हे ठरवणारेही तेच होते. त्याच युद्धात २५ लाखांचं भारतीय सैन्य आफ्रिकेत, इटलीत, ब्रह्मदेशात त्यांच्या बाजूने लढत होतं. त्यातल्या बंगाली जवानांच्या घरून काय पत्रं येत असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

युद्ध जिंकलं आणि १९४५ च्या निवडणुकीत तो हरला. सत्तर वर्षांचा, सत्ता गेलेला हा माणूस चार्टवेलला परतला आणि पुन्हा फुलपाखरांकडे वळला. या वेळी टाचण्या नव्हत्या. मांस ठेवायची एक जुनी छोटी खोली त्याने फुलपाखरांसाठी करून घेतली आणि फुलपाखरं पाळणाऱ्या एका माणसाकडून अळ्या आणि कोष मागवले. खोलीजवळ बसून तो कोष फुटताना पाहायचा आणि पंख वाळले की फुलपाखरं बागेत सोडून द्यायचा.

ती उडून जाऊ नयेत म्हणून बागेत बडलियाची झुडपं लावली होती. बडलिया मूळचं चीनमधलं. त्याचे जांभळे तुरे वीतभर लांब, आणि प्रत्येक तुऱ्यात शेकडो बारीक नळीसारखी फुलं. मध नळीच्या तळाशी असतो, तिथे फुलपाखराची लांब सोंड बरोबर पोचते. आपल्याकडची घाणेरी पाहा, तिच्या झुबक्यातही अशाच नळ्या असतात, म्हणून तिच्यावरही फुलपाखरांची गर्दी असते. मात्र मध फक्त मोठ्या फुलपाखरांच्या उपयोगाचा. अळीला पाला लागतो, तोही ठरावीक. पीकॉक नावाच्या सुंदर फुलपाखराची अळी नेटल खाते. अंगाला लागली की आग होणारी ही वनस्पती, माळी ती उपटून टाकतात. फुलपाखरं हवी असतील तर बागेचा एक कोपरा असा गबाळा ठेवावाच लागतो. बॉम्बने पडलेल्या लंडनच्या ढिगाऱ्यांवरही त्या वर्षांत बडलिया आपोआप उगवली होती, कोणी न लावता.

इंग्लंडमधून नाहीशी झालेली काळ्या शिरांची पांढरी फुलपाखरं परत आणायचाही त्याने प्रयत्न केला. तो फसला. बडलियावर येणारं पेंटेड लेडी मात्र बंगळूरलाही दिसतं. म्हणजे एकविसाव्या वर्षी ज्या फुलपाखरामागे तो जाळी घेऊन धावला असेल, तेच सत्तरीत त्याच्या दारात येत होतं. फुलपाखरांच्या बाबतीत तो इतका बदलला. आपल्या देशाबद्दलचं त्याचं मत किती बदललं, हे शोधत मी बरंच वाचलं, पण फारसं काही हाती लागलं नाही.

२४ जानेवारी १९६५ रोजी, नव्वदाव्या वर्षी, तो लंडनमध्ये वारला. चार्टवेल आता लोकांसाठी खुलं आहे. फुलपाखरांची ती खोलीही तिथे पाहायला मिळते.